कचेरीतील थट्टामस्करी

सरकारी कचेरीचे वर्णन करावयाचे झाले म्हणजे बहुधा फायलींच्या ढिगाऱ्यापासून प्रारंभ होतो. लाल फीत, शाईचे डाग, वाऱ्याने उडू नयेत म्हणून वजनाखाली दाबून ठेवलेले कागद, डोक्यावर कुरकुरणारा पंखा, हे चित्र कथाकारांनी आणि व्यंगचित्रकारांनी इतके रूढ करून ठेवले आहे की, कचेरी म्हणजे कागदांची वखार आणि कारकून म्हणजे त्या वखारीचा राखणदार, अशी पुष्कळांची समजूत होऊन बसली आहे. परंतु या कचेरीच्या दाराशी कोणी क्षणभर उभा राहिला आणि त्याने कान देऊन ऐकले, तर त्याला कागदांची सळसळ कमी आणि माणसांचे बोलणे अधिक ऐकू येईल. एकजण धापा टाकीत आत शिरतो. आपल्या खुर्चीपर्यंत पोहोचण्यापूर्वीच पलीकडच्या टेबलावरून प्रश्न येतो, “या भाऊसाहेब! उद्याचे लवकर आलात, की आजचे उशिरा?” भाऊसाहेब पिशवी खुर्चीला अडकवीत शांतपणे म्हणतात, “कालचेच जायचे राहिले होते. ते आता निघतो आहे.” चारपाच टेबलांवर हसू उमटते, आणि मग फायली उघडू लागतात.

या सगळ्याला एखादे मिनिट लागते. त्या मिनिटात एकही कागद पुढे सरकत नाही. तेव्हा हे मिनिट फुकट गेले काय? केवळ हिशेबाच्या दृष्टीने पाहणारा मनुष्य ‘होय’ म्हणेल. पण जी गोष्ट रोज घडते, सर्व कचेऱ्यांत घडते आणि सर्व भाषांत घडते, तिच्यामागे निव्वळ आळस असेल असे मानणे कठीण आहे. कचेरीतील थट्टेला कचेरीत काहीतरी काम असले पाहिजे. ते काम कोणते, आणि ते कोठवर नीट चालते, हे समजून घ्यावयाचे तर प्रथम खुद्द फाईल म्हणजे काय याकडे वळले पाहिजे.

फाईल, किंवा शासकीय मराठीत ज्या वस्तूला ‘नस्ती’ म्हणतात ती, दोन भागांची असते. एका भागात पत्रव्यवहार आणि दुसऱ्या भागात टिप्पणी. सहायक टिप्पणी लिहितो, कक्ष अधिकारी ती तपासतो, तेथून ती अवर सचिवाकडे, मग उपसचिवाकडे आणि आवश्यक तर त्याहून वर जाते. प्रत्येकजण आपले मत लिहून खाली सही करतो आणि दिनांक घालतो. एकदा लिहिलेले बदलून टाकावयाचे नाही आणि मागचे पान काढावयाचे नाही, हा या व्यवहाराचा पाया आहे. आज लिहिलेली ओळ दहा वर्षांनी लेखापरीक्षक वाचील, एखादे न्यायालय मागवील, आणि २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यानंतर एखादा सामान्य नागरिकही तिची प्रत मागू शकेल. म्हणून टिप्पणीची भाषा जपून पावले टाकते. ‘सदर प्रकरणी’, ‘उपरोक्त बाब विचारात घेता’, ‘आदेशार्थ सादर’ अशा शब्दांची ती बनलेली असते. तिच्यात राग नसतो, कंटाळा नसतो आणि आनंदही नसतो. फाईल ही शासनाची स्मरणशक्ती आहे आणि ती तशी कोरडीच असावयास हवी.

परंतु फाईल कोरडी असली तरी ती चालविणारी माणसे कोरडी नसतात. महिनेच्या महिने खपून तयार केलेला प्रस्ताव ‘अमान्य’ या एका शब्दासह परत येतो, तेव्हा तो तयार करणाऱ्या सहायकाला काय वाटले हे लिहिण्यास टिप्पणीत जागा नाही. तो काखेत फाईल मारून परत येतो. शेजारचा विचारतो, “काय, न्हाले का गंगेत घोडे?” हा उत्तरतो, “न्हाले नाही, बुडाले!” दोघेही हसतात. प्रस्ताव अमान्यच राहतो; पण त्याचा डंख निम्मा उतरलेला असतो, आणि दुपारपर्यंत तोच सहायक सुधारित प्रस्तावाला हात घालतो. फायलीला जे नोंदविता येत नाही ते कचेरीत बोलण्यातून वाहून जाते. मजा अशी की, ही गोष्ट फायलीलाही ठाऊक असते. अवघड प्रकरणात अधिकारी एक शेरा मारतो : ‘कृपया चर्चा करावी.’ लेखी कारभाराने तोंडी बोलण्यापुढे ठेवलेली ती कबुलीच होय.

थट्टेचे पहिले काम शिकविण्याचे असते. नवीन नेमणूक झालेला तरुण कचेरीत येतो तेव्हा त्याच्या हाती नियमांची पुस्तके दिली जातात. रजा किती, प्रवासभत्ता कसा, कागद कोणत्या क्रमाने लावावयाचे, हे त्यांत असते. पण टिप्पणी कशी लिहू नये हे पुस्तकात नसते. तो हौसेने पाचसहा पानांची टिप्पणी लिहितो. जुना सहायक ती शेवटपर्यंत वाचतो, चष्मा काढतो आणि म्हणतो, “कादंबरी उत्तम आहे. पण शेवटी लग्न होते की नाही?” सगळा कक्ष हसतो. तरुणाचे कान लाल होतात. परंतु टिप्पणीच्या शेवटी स्पष्ट प्रस्ताव हवा, हा धडा तो जन्मभर विसरत नाही. हीच चूक कक्ष अधिकाऱ्याने लेखी ज्ञापन देऊन दाखविली असती तर ती त्याच्या सेवापटाला चिकटली असती. थट्टेने चूक दाखविली, आणि तिचा पुरावा मात्र मागे ठेवला नाही. शिक्षकाला याहून सौम्य छडी मिळणे कठीण.

दुसरे काम अंतर मोजण्याचे. सुप्रसिद्ध ब्रिटिश मानवशास्त्रज्ञ रॅडक्लिफ-ब्राउन यांनी १९४० साली ‘आफ्रिका’ या नियतकालिकात थट्टेच्या नात्यांवर एक लेख लिहिला. काही नाती अशी असतात की, त्यांत एकाने दुसऱ्याची चेष्टा करावी अशी रूढीचीच मुभा, कित्येकदा अपेक्षाही असते, आणि दुसऱ्याने ती मनाला लावून घ्यावयाची नसते. ज्या माणसांना एकमेकांशी बांधून राहणे भाग असते, पण ज्यांचे हितसंबंध पुरते एक नसतात, त्यांच्यातील तणाव अशा थट्टेने सुसह्य होतो, असा त्यांच्या विवेचनाचा मथितार्थ आहे. मराठी घरात वाढलेल्या माणसाला हे समजण्यासाठी आफ्रिकेत जाण्याचे कारण नाही. मेहुण्याची थट्टा केली नाही तर लग्नाला रंग चढत नाही. दीर-भावजयीच्या बोलण्यात चेष्टा चालते. पण सासऱ्यासमोर सून जपून बोलते. एकाच घरात थट्टेची नाती आणि आदराची नाती शेजारी शेजारी नांदत असतात.

कचेरीतही नेमके हेच घडते. समान दर्जाचे दोन सहायक एकमेकांचे मेहुणे असतात. त्यांना रोज आठ तास एका खोलीत बसावयाचे असते, एकाच कपाटातील फायली काढावयाच्या असतात. परंतु ज्येष्ठता सूचीत त्यांपैकी एकाचे नाव वर आणि दुसऱ्याचे खाली असते. बढतीची जागा एकच निघाली तर ती दोघांना मिळणार नाही, हे दोघांनाही ठाऊक असते. अशा माणसांनी एकमेकांशी केवळ औपचारिक सौजन्याने वागावयाचे ठरविले तर मनातील अढी मनातच घट्ट होईल. म्हणून एकजण दुसऱ्याला ‘भावी कक्ष अधिकारी’ म्हणून हाक मारू लागतो. हाकेत चेष्टा असते आणि चेष्टेत कबुलीही असते. ज्या दिवशी बढतीचा आदेश खरोखरच निघतो, त्या दिवशी त्याचा धक्का निम्मा आधीच पचलेला असतो, आणि हरलेलाच पहिला समोसे मागावयास पुढे होतो.

साहेब मात्र या घराचा सासरा. त्याच्याशी थट्टा नाही. झालीच तर त्याच्या बाजूने. साहेबाने विनोद केला तर हसावे लागते, आणि त्याने तोच विनोद चौथ्यांदा सांगितला तरी तो पहिल्यांदाच ऐकल्यासारखे हसावे लागते. या हसण्यामागे गोपनीय अहवाल उभा असतो. वर्षअखेरीस हाताखालच्या माणसाविषयी मत लिहिण्याचा अधिकार साहेबाकडे असतो. प्रतिकूल शेरे तेवढे कळवावेत आणि बाकीचे बंद ठेवावेत, अशी रीत दीर्घकाळ होती. अहवालातील प्रत्येक नोंद संबंधित कर्मचाऱ्याला कळविली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली एका प्रकरणात सांगितले. त्यामुळे अहवालातील गूढ कमी झाले. साहेबांच्या विनोदावरील हसू मात्र कमी झालेले नाही. चाणाक्ष साहेब हे ओळखून असतो. आपल्या विनोदावर किती माणसे हसली यापेक्षा आपण खोलीत शिरल्यावर किती जणांचे हसू मावळले, याकडे त्याचे लक्ष असते.

थट्टेचे तिसरे काम याहून मोलाचे, ते म्हणजे विश्वासाची चाचपणी करण्याचे. कचेरीतील घडामोडी बाहेरून पाहणाऱ्याला क्षुल्लक वाटतील. पंख्याखाली बसणाऱ्याला तो जोरात हवा असतो. शेजारी सर्दीने हैराण असतो. दिवसातून दहा वेळा कोणी ना कोणी उठून पंख्याचा खटका फिरवितो, आणि मग कोणीतरी सांगतो की, आदेशाविना बदली होणारी या कचेरीतील एकमेव वस्तू म्हणजे पंख्याचा वेग. खऱ्या बदल्यांचे दिवस उन्हाळ्यात येतात. महाराष्ट्रातील २००५ च्या कायद्याने राज्य कर्मचाऱ्यांच्या सर्वसाधारण बदल्या एप्रिल किंवा मे महिन्यात करावयाच्या असे ठरवून दिले आहे; त्यामुळे फाल्गुन संपतो न संपतो तोच अफवांचा मोसम सुरू होतो. कोणाला गडचिरोली, कोणाला सिंधुदुर्ग, असे आदेश चहाच्या टेबलावर रोज निघतात आणि संध्याकाळी रद्द होतात. ज्याच्या मुलीची दहावीची परीक्षा तोंडावर आहे तोही त्यात हसत असतो. पण त्याच्या हसण्यातील काळजी शेजाऱ्याच्या कानाला बरोबर ऐकू येते. मग त्या गृहस्थाची अडचण योग्य ठिकाणी पोहोचविण्यासाठी दोघे तिघे आपण होऊन उठतात. थट्टा चालू होती म्हणून ती ऐकू आली; तो गप्प बसला असता तर कळली नसती.

भिशीचेही तसेच. दहा बारा माणसे दरमहा सारखी रक्कम जमा करतात, चिठ्ठी टाकतात आणि ज्याचे नाव निघेल त्याला सगळी रक्कम देतात. एकदा रक्कम घेतलेल्याने पुढचे हप्ते शेवटपर्यंत भरावयाचे असतात. बहुधा याला पावती नसते, करार नसतो, जामीन नसतो. दिवसभर तीन प्रतींत कागद काढणारी माणसे स्वतःचे पैसे मात्र एकमेकांच्या शब्दावर सोडतात. तो शब्द कोठे पारखला गेला? चहाच्या पैशांवरून झालेल्या थट्टेत, डब्यातील भाजीच्या वाटणीत, कोणी चिडतो आणि कोणी चिडल्यावरही दुसऱ्या दिवशी आपण होऊन बोलतो हे पाहण्यात. कोणाच्या घरी आजारपण आले, म्हणजे वर्गणीचा कागद हीच माणसे टेबलाटेबलांवरून फिरवितात. सकाळी ज्याची फिरकी घेतली, त्याच्याच वडिलांसाठी रक्त देण्यास संध्याकाळी रुग्णालयात उभे राहतात.

महाराष्ट्राबाहेर नोकरी करणाऱ्या मराठी माणसाला ही गोष्ट अधिक तीव्रतेने जाणवते. रेल्वे, टपाल, बँका, केंद्रीय सचिवालय यांनी मराठी कुटुंबे देशभर नेली. दिल्लीत हिवाळ्यात जेवणाच्या सुटीत कर्मचारी हिरवळीवर उन्हाला बसतात, शेंगदाणे सोलतात, पत्ते पिसतात. कोलकात्यात चहा मातीच्या भांड्यातून येतो आणि त्याबरोबर गप्पा, ज्याला तेथे ‘अड्डा’ म्हणतात तो, रंगतो. चेन्नईत चहाची जागा फिल्टर कॉफी घेते. या मंडळींत नव्याने आलेल्या मराठी गृहस्थाला काम पहिल्या आठवड्यात कळते, कारण कामाचे नियम सगळीकडे एकच. भाषा पहिल्या वर्षात कळते. सर्वांत शेवटी कळते ती थट्टा. सगळे हसले आणि आपण अर्ध्या क्षणाने हसलो, हे एकटेपण घरापासून दूर राहिलेल्यालाच ठाऊक असते. पण एके दिवशी कोणीतरी त्याच्याच पोह्यांवरून त्याची चेष्टा करतो, तो त्याच भाषेत मोडकेतोडके उत्तर देतो, आणि सारे टेबल हसून त्याच्या पाठीवर थाप मारते. हजेरीपटावर नाव बऱ्याच महिन्यांपूर्वी चढलेले असते. माणूस रुजू होतो तो त्या दिवशी.

नवे शब्ददेखील कचेरीत असेच रुजू होतात. महाराष्ट्र राज्य १९६० मध्ये स्थापन झाल्यावर राज्यकारभार मराठीतून चालविण्यासाठी इंग्रजी पदनामांना मराठी प्रतिशब्द देणारा ‘पदनाम कोश’ १९६२ साली प्रसिद्ध झाला. आचार्य अत्रे यांनी त्याला ‘बदनाम कोश’ ठरविले, आणि ती कोटी राज्यभर गाजली. क्लार्कला ‘लिपिक’, टायपिस्टला ‘टंकलेखक’, स्टेनोग्राफरला ‘लघुलेखक’ म्हणावयाचे म्हणजे जीभ अडखळणारच. पण थट्टेसाठी का होईना, शब्द तोंडात आला. “टंकलेखकमहाशय, आपली टंकशाळा आज बंद आहे काय?” असे म्हणता म्हणता चेष्टा झिजली आणि शब्द मागे राहिला. ‘लिपिक’ आज जाहिरातीत, आदेशात आणि बोलण्यातही सहज वावरतो. ज्या शब्दांवर कोणी हसलेही नाही, त्यांतील कित्येक कोशातच पडून राहिले. हसण्याने नवी वस्तू नेहमी हाकलली जाते असे नाही. पुष्कळदा ती घरात घेतली जाते.

येथवर थट्टेची उजळ बाजू झाली. परंतु जी वस्तू इतकी कामे करते ती बिघडली म्हणजे कामही तितकेच बिघडते. याचे एक उत्तम उदाहरण अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डोनाल्ड रॉय यांनी नोंदवून ठेवले आहे. ‘बनाना टाइम’ या नावाने प्रसिद्ध असलेला त्यांचा निबंध १९५९-६० मध्ये ‘ह्यूमन ऑर्गनायझेशन’ या नियतकालिकात आला. रॉय स्वतः एका कारखान्यात यंत्रावर कामाला राहिले होते. काम अत्यंत कंटाळवाणे. एकच हालचाल दिवसभर करावयाची. बरोबर तीन वयस्क कामगार. प्रारंभी रॉय यांना त्यांची बडबड निरर्थक वाटली. मग ध्यानात आले की, त्या बडबडीला वेळापत्रक आहे. सॅमी नावाचा कामगार रोज डब्यातून एक केळे आणी, आइक नावाचा कामगार ते चोरून खाई आणि ‘केळ्याची वेळ झाली’ अशी आरोळी ठोकी, सॅमी रागावे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा केळे घेऊन येई. याच सॅमीने आणलेली दुसरी फळे सर्वांनी वाटून खाण्याचीही एक वेळ होती. अशा वेळांनी तो लांबलचक दिवस तुकड्या-तुकड्यांचा केला होता आणि म्हणून तो सरत होता.

या तिघांपैकी जॉर्ज नावाच्या कामगाराच्या मुलीचे लग्न एका प्राध्यापकाच्या मुलाशी झाले होते. त्या सोयरिकीचा उल्लेख निघाला की इतरांच्या बोलण्यात आदर येई. जॉर्जची त्या खोलीतील प्रतिष्ठा तीवर उभी होती. एके दिवशी रॉय यांनीच गंमत म्हणून एक पिल्लू सोडले : तो प्राध्यापक म्हणे केशकर्तनाच्या शाळेत शिकवितो! थट्टा जॉर्जच्या कानी पडली आणि खोलीतील सगळे हसणे तेथेच थांबले. जॉर्ज बोलेनासा झाला. केळ्याची वेळ बंद पडली, फळांची वेळ बंद पडली. कित्येक दिवस ती माणसे मुकाट्याने यंत्रे चालवीत राहिली, आणि त्या दिवसांत कामाचा शीण त्यांना असह्य झाला. पुढे हळूहळू बोलणे सुरू झाले आणि जुन्या वेळाही परतल्या. केळे रोज चोरले तरी चालत होते, कारण ते देणाऱ्याने मनातून दिलेलेच होते. सोयऱ्याचा मान कोणी दिलेला नव्हता; तो ओरबाडला गेला.

थट्टा आणि अपमान यांतील सीमारेषा येथे स्पष्ट दिसते. थट्टा ही उसनवारीसारखी आहे. जिला परतफेड करता येते तीच थट्टा. उशिरा आलेल्या भाऊसाहेबांना उत्तर देता आले, म्हणून सगळे हसले आणि भाऊसाहेबही हसले. ज्याला उत्तर देण्याची सोय नाही त्याच्यावर केलेला विनोद हा विनोद राहत नाही. निकोलाय गोगोल या रशियन लेखकाची १८४२ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘ओव्हरकोट’ ही कथा एका गरीब नकलनविसाची आहे. कचेरीतील तरुण सहकारी त्याच्या डोक्यावर कागदाचे कपटे टाकतात आणि त्याला बर्फ म्हणतात. ते सारे हसत असतात, पण तो नकलनवीस हसत नसतो. त्यातील एका नवख्या तरुणाला त्या माणसाच्या विनवणीतील आर्तता ऐकू येते आणि त्याचे हसणे कायमचे बदलते. या कथेला पावणेदोनशेहून अधिक वर्षे झाली, तरी अशी टेबले अद्याप नाहीशी झालेली नाहीत.

आपल्याकडे या टेबलांना आणखी काही कंगोरे आहेत. कोणाच्या आडनावावरून केलेली कोटी, डब्यातील पदार्थावरून केलेली कुजबुज, गावाकडच्या उच्चाराची नक्कल, राखीव जागेवरून मारलेला टोमणा, यांना मारणारा ‘गंमत’ म्हणतो. पण ऐकणाऱ्याच्या मागे पिढ्यांचे ऐकणे असते आणि त्याला परतफेड करावयास तसलेच दुसरे नाणे नसते. तो बहुधा हसतो. त्या हसण्याला संमती समजणे ही कचेरीतील सर्वांत मोठी चूक होय. स्त्रिया कचेऱ्यांत येऊ लागल्यावर हाच प्रश्न आणखी तीव्र झाला. पुरुषांच्या घोळक्यात जी मस्करी खपत असे तीच एकट्या सहकारी स्त्रीच्या टेबलाजवळ छळ ठरते, हे समजावयास समाजाला फार वेळ लागला. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली ‘विशाखा’ प्रकरणात मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली आणि २०१३ साली संसदेने कामाच्या ठिकाणी होणाऱ्या स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्ध कायदा केला. त्या कायद्याच्या व्याख्येत एक शब्द कळीचा आहे : नकोसे. बोलणाऱ्याने ते गमतीने म्हटले की वाईट हेतूने, यापेक्षा ऐकणारीला ते नकोसे होते काय, याला तेथे महत्त्व आले. कायद्याने सांगितलेली ही कसोटी एका अर्थी जुनीच आहे. सॅमीचे केळे आणि जॉर्जचा सोयरा यांत तीच होती.

अलीकडच्या काळात कचेरीचे रूप पालटले आहे. हजेरीपटाच्या जागी अनेक ठिकाणी यंत्रावर बोट टेकवावे लागते. फाईल पडद्यावर उघडते आणि पडद्यावरूनच वर जाते. २०२० सालच्या साथीत अनेकांनी घरी बसून काम केले. टिप्पण्या लिहिल्या गेल्या, आदेश निघाले, शासन थांबले नाही. परंतु त्या काळात नव्याने नोकरीला लागलेल्यांना ‘लग्न होते की नाही’ असे विचारणारे शेजारचे टेबलच मिळाले नाही. चुका कळल्या त्या लेखी कळल्या. थट्टा मोबाइलवरील गटात गेली; पण तेथे तिची प्रकृती बदलते. तोंडी थट्टा हवेत विरते. लिहिलेली थट्टा फायलीसारखी टिकते. तिच्यात आवाजाचा चढउतार नसतो, डोळे मिचकावणे नसते, आणि ती कोणी कोठे पाठवील याचा नेम नसतो. ज्याने मनाला लावून घेतले त्याचा पडलेला चेहराही दिसत नाही, म्हणून वेळीच थांबताही येत नाही.

महाराष्ट्रातील कचेऱ्यांत ३१ मे हा एक विशेष दिवस असतो. एका पिढीतील पुष्कळांची जन्मतारीख घरी कोणी लिहून ठेवलेली नव्हती. शाळेत नाव घालताना गुरुजींनी वर्ष अंदाजाने धरले आणि तारीख १ जून मांडली. महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्त होतो, असा नियम आहे. त्यामुळे त्या एका संध्याकाळी कचेरीकचेरीत शाली आणि नारळ दिसू लागतात. अधिकारी भाषण करतात. कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ, शिस्तप्रिय ही विशेषणे ज्येष्ठतेच्या क्रमाने येतात. सत्कारमूर्ती खाली मान घालून ती ऐकून घेतात. सेवापुस्तकात नोंद व्हावी तशी ती त्यांच्यावर नोंदली जात असतात.

समारंभ संपतो. खुर्च्या उचलल्या जाऊ लागतात. तीस वर्षे उशिरा येण्याबद्दल बोलणी खाल्लेले भाऊसाहेब नारळ पिशवीत घालून दाराकडे वळतात, तेव्हा पलीकडच्या टेबलावरून तोच जुना आवाज येतो, “भाऊसाहेब, उद्या उशीर झाला तरी चालेल हं!” भाऊसाहेबांना यावर काहीतरी चोख उत्तर द्यावयाचे असते. तीस वर्षांत ते कधी चुकलेले नाही. पण त्या दिवशी मात्र ते नुसता हात हलवितात, कारण उत्तर देण्याइतका आवाज त्यांच्या गळ्यात उरलेला नसतो.